‘फॅरनहाइट ४५१’ पुन्हा बघायचा, तर असा

फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोचा ‘फॅरनहाइट ४५१’ हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो १९९१ साली, बावीस वर्षांची असताना. फिल्म क्लबचा खेळ होता, सोळा एमएमची प्रिंट. रीळ बदलताना दिवे लागायचे. गेल्या महिन्यात तो भाचीबरोबर पुन्हा पाहिला. मधली सगळी वर्षं माझी प्रुफं वाचण्यात गेली, आणि ज्या सिनेमात पुस्तकांना बंदी असते नि अग्निशमन दलाचे जवानच ती जाळतात तोच माझा सगळ्यात लाडका सिनेमा, हे मी भेटेल त्याला सांगत आले. असा सिनेमा इतक्या वर्षांनी नुसता लावून बघू नये. थोडी तयारी करावी. मी केली ती सांगते.

आदल्या दिवशी एक वही घ्या आणि सिनेमा जेवढा आठवतोय तेवढा लिहून काढा. नेटवर काही शोधायचं नाही, ट्रेलर बघायचा नाही. प्रसंगांचा क्रम, कपड्यांचे रंग, कोण कुठे उभं होतं, शेवटी काय झालं, सगळं लिहा. खात्री नसेल तेही लिहा. या सिनेमाच्या अखेरीला जंगलात माणसं राहतात. प्रत्येकाने एकेक पुस्तक पाठ करून जपलेलं असतं. तुम्हीही हा सिनेमा तसाच डोक्यात घेऊन फिरलात. मग आपलं पाठांतर कितपत शाबूत आहे, ते आधी तपासायला हवं.

माझी साडेतीन पानं भरली. त्यातल्या तीन गोष्टी मी अगदी छातीठोकपणे लिहिल्या होत्या: पुस्तकं जाळणाऱ्या जवानांपैकीच एक असलेल्या नायकावर, माँटॅगवर, गुरगुरणारा यांत्रिक कुत्रा, शेवटी शहरावर पडणारा बॉम्ब, आणि मध्येच मेल्याची बातमी येते ती माँटॅगची तरुण शेजारीण क्लॅरिस. सिनेमात यातलं काहीच नाही. क्लॅरिस तर शेवटपर्यंत जिवंत आहे. हे सगळं रे ब्रॅडबरीच्या १९५३च्या कादंबरीतलं, जिच्यावरून हा सिनेमा काढला. कादंबरी मी नंतर वाचली आणि ती हळूच सिनेमात शिरून बसली होती. शिवाय मी बर्फ गुलाबी लिहिला होता. ती करामत आमच्या प्रिंटची; रंग उडून ती सगळी लालसर पडली होती.

म्हणून कादंबरी आधी वाचू नका. सिनेमा झाल्यावर वाचा, निदान आठवडा जाऊ द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सबटायटल्स बंद करा. या सिनेमात श्रेयनामावली पडद्यावर येतच नाही, एक आवाज ती बोलून दाखवतो आणि समोर छपरांवरचे टीव्हीचे अँटेना दिसत राहतात. भाचीने लगेच विचारलं, “मावशी, नावं कुठायत?” नावं नाहीतच. त्या जगात वाचायचं असं काही उरलेलंच नाही. माँटॅग बिछान्यात वर्तमानपत्र उघडतो, त्यात नुसती चित्रं, एक शब्द नाही. अशा पडद्याच्या तळाशी तुम्ही अक्षरांची ओळ चालवलीत, तर दिग्दर्शकाने मेहनतीने केलेली पोकळी तुम्हीच बुजवलीत. इंग्रजीची धास्ती नको. त्रुफोचा हा इंग्रजीतला एकमेव सिनेमा, वाक्यं छोटी आहेत. अगदीच अडलं तर पहिली दहा मिनिटं तरी अक्षरांशिवाय बघा, मग लावा.

बघताना तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. एक, अग्निशमन केंद्रातला खांब. जवान त्याला धरतात आणि खांबच त्यांना वर उचलून नेतो. माँटॅग चोरून वाचायला लागल्यावर तोच खांब त्याला घेईनासा होतो आणि तो जिन्याने जातो. कोणी काही बोलत नाही. माझ्या मते कादंबरीतल्या कुत्र्याचं काम इथे हा खांब करतो, आणि जास्त चांगलं करतो.

दुसरं, ज्यूली ख्रिस्टीची दुहेरी भूमिका. लांब केसांची बायको, आखूड केसांची क्लॅरिस. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

तिसऱ्या ठिकाणी मात्र मी रडले. माँटॅग पहिलं पुस्तक उघडतो, ‘डेव्हिड कॉपरफील्ड’. रात्रीची वेळ, अंगात पांढरा झगा, आणि उजेड टीव्हीच्या पडद्याचा. तो गोष्टीवर उडी मारत नाही. मुखपृष्ठाच्या आतल्या पानापासून सुरुवात करतो, शब्दाखाली बोट धरून, लहान मुलासारखा, नाव, लेखक, प्रकाशक, एकेक करत. बावीसाव्या वर्षी हे मला लांबलेलं वाटलं होतं. आता मी स्वतः रोज ओळीखाली पट्टी धरून वाचते. प्रकाशकाच्या पत्त्यातला सुटलेला काना शोधते. ते पान कोणीतरी असं वाचतंय, हे पाहून गळा दाटून आला. इथे घाई करू नका, चहाला उठू नका.

जवान घर जाळायला येतात तेव्हा एक म्हातारी आपल्या पुस्तकांच्या ढिगात उभी राहून स्वतः काडी ओढते, तो प्रसंग थांबवून बघण्याचा मोह होईल. थांबवू नका. पानं जळताना कशी वळतात आणि एकेक चित्र कसं काळं पडतं, ते सलगच बघायला हवं.

शेवटच्या प्रसंगात मरणाला टेकलेला एक म्हातारा एका लहान मुलाकडून स्टीव्हन्सनची ‘वेअर ऑफ हर्मिस्टन’ घोकून घेतो. ती कादंबरी लेखकाच्या मृत्यूमुळे अपुरीच राहिलेली आहे. अपुरी, तरी कोणीतरी पाठ करतंय! बाहेर बर्फ पडतोय, तो चित्रीकरणाच्या वेळी अचानक आलेला खरा बर्फ. यावेळी तो पांढराशुभ्र होता.

सिनेमा संपला की वही काढा आणि चुकांवर लाल शाईने खुणा करा, पण खोडू नका. पुन्हा पाहाल तेव्हा उपयोगी पडतील.

आमचं हे झाल्यावर भाचीने विचारलं, तुला काय पाठ येतं गं? माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण सगळा हरिपाठ मुखोद्गत होता. मी म्हणायला लागले. पहिले तीन अभंग सरळ आले, चौथ्यात अडले. भाचीने पेन उघडलं. मी म्हटलं, “लिहू नकोस. माझ्या मागून म्हण.”