जुन्या डिझेल गाडीला घरी टर्बो बसवताय? या चुका टाळा

जुनी, दुर्मीळ डिझेल गाडी घरच्या घरी पुन्हा चालती करून तिला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) बसवणाऱ्यांची जी गाऱ्हाणी माझ्यापर्यंत येतात, त्यांतली बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात : "टर्बो बसवला, पण..." त्या 'पण'च्या पुढे काय येणार, हे आता मला ऐकण्याआधीच ठाऊक असते. कुणाची गाडी काळा धूर ओकते, कुणाचे तेल इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या, पाइपात सापडते, कुणाचे हेड गॅस्केट दोन महिन्यांत तिसऱ्यांदा गेलेले असते; आणि खोलात शिरून विचारले, तर टर्बो हातात येण्याआधी करायचे काम केलेलेच नसते.

मर्सिडीजने १९७८ साली ३०० एसडी ही टर्बो डिझेल गाडी बाजारात आणली, तेव्हा तीन लिटरचे ते पाच सिलिंडरी इंजिन कंपनीकडे आधीपासून होते. तरीही टर्बोसाठी पिस्टनच्या पोटावर तेलाचा फवारा मारणाऱ्या नळ्या बसवण्यात आल्या आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह सोडियम भरलेले घेण्यात आले, कारण वाढलेली उष्णता कुठे जाणार याचे उत्तर आधी द्यावे लागते. ज्यांचे इंजिन, त्यांनाच इतके बदल करावे लागले. आपण मात्र मॅनिफोल्डवर (सिलिंडरांचा एक्झॉस्ट एकत्र करणाऱ्या पाइपावर) जोडणीची एक फ्लँज वेल्ड केली की काम झाले, असे मानणारे मला दर महिन्याला भेटतात.

इंजिन न मोजता कामाला लागणे

कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजल्याशिवाय टर्बोचा विचारही करू नये. त्यासाठी डिझेलचाच गेज लागतो. पेट्रोल इंजिनाचा गेज या दाबाला पुरत नाही, कारण जुन्या प्रीचेंबरच्या (सिलिंडरला जोडलेल्या छोट्या कप्प्यात इंधन पेटवणाऱ्या) इंजिनांचे कम्प्रेशनचे प्रमाण साधारण वीस ते तेवीसास एक एवढे असते. आकडा किती हवा, हे त्या इंजिनाच्या पुस्तिकेतच पाहावे. परंतु सिलिंडरासिलिंडरांत तीन ते पाच बारांपेक्षा (बार हे दाबाचे एकक) अधिक फरक दिसला, तर टर्बोची पेटी उघडू नये आणि आधी रिंगा व व्हॉल्व्ह पाहावेत.

अनेक वर्षे उभी राहिलेली गाडी थेट सेल्फ मारून चालू करण्याची घाई तर अक्षम्य आहे. मी इंजेक्टर (इंधन फवारणारे) किंवा ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना तापणारे) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडतो, एक रात्र तसेच ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीवर पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतो. टाकीतले जुने डिझेल काढून टाकावे आणि टायमिंग बेल्ट असल्यास तो किलोमीटर न पाहता बदलावा, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. इंजिन उठत नाही म्हणून हवेच्या तोंडाशी ईथरचा स्प्रे मारणाऱ्यांना मी शेडमध्ये येऊ देत नाही. तापलेल्या ग्लो प्लगवर ईथर वेळेआधी पेटते आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. एवढ्यासाठी वाचवलेली दहा मिनिटे फार महाग पडतात.

तापमान न पाहता डिझेल वाढवणे

पेट्रोलच्या गाड्यांवर हात बसलेले लोक इथे हमखास फसतात. पेट्रोल इंजिनात इंधन कमी पडले की उष्णता वाढते, असे त्यांच्या डोक्यात पक्के असते. डिझेलमध्ये गणित उलटे आहे. बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांत हवा अडवणारी फडकी नसते, ताकद केवळ किती इंधन सोडले यावर ठरते, आणि हवेच्या मानाने इंधन जितके जास्त तितका एक्झॉस्ट तापतो. टर्बो नुसता हवा देतो, म्हणून तो बसवल्यावर गाडी फारशी जोरात पळत नाही; मग निराश झालेला माणूस इंजेक्शन पंपावरचा इंधनाचा स्क्रू फिरवतो, मागे काळा ढग उठतो, आणि त्या ढगालाच तो ताकद समजतो. तो ढग म्हणजे अर्धवट जळलेला कार्बन.

ॲल्युमिनियमच्या पिस्टनला हे काही सेकंद चालते, लांब चढावर चालत नाही. मी एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा पायरोमीटर टर्बोच्या आधी बसवतो. त्याचे टोक टर्बाइनच्या (टर्बोच्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या) आधी, म्हणजे मॅनिफोल्डमध्येच हवे. टर्बाइनच्या मागे लावलेला गेज शंभर किंवा त्याहूनही जास्त अंशांनी कमी आकडा दाखवून मालकाला खुशीत ठेवतो. मॅनिफोल्डला भोक पाडायचे जिवावर येते म्हणून तो मागे लावणारे अनेक आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या पिस्टनचा माथा मी मेणबत्तीसारखा ओघळलेला पाहिला आहे. गेज लावल्यावर काही दिवस गाडी टर्बोविना चालवून आकडे लिहून ठेवतो, मग इंधनाला हात न लावता टर्बो जोडतो, आणि त्यानंतरच स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेरा फिरवून प्रत्येक वेळी त्याच चढावर गाडी नेतो. माझी मर्यादा ७०० अंश सेल्सिअस आहे आणि टर्बोविना जन्मलेल्या इंजिनाला मी अर्ध्या बारापेक्षा जास्त दाब देत नाही. कुणाला हे भित्रेपणाचे वाटते, वाटो.

दाब पाहून इंधन वाढवणारी डबी तुमच्या पंपावर नसेल, तर टर्बोचा दाब चढण्याआधीच पूर्ण वाढवलेले इंधन सिलिंडरमध्ये पडते आणि कमी फेऱ्यांवर धूर अटळ होतो. तेवढ्यासाठी तशी डबी असलेला पंप शोधणे, किंवा इंधन मर्यादित ठेवून कमी ताकदीवर समाधान मानणे, याशिवाय तिसरा प्रामाणिक मार्ग मला सापडलेला नाही.

गव्हर्नर कोणता आहे हे न पाहणे

फार जुन्या काही गाड्यांत, उदाहरणार्थ मर्सिडीज २२० डीमध्ये, पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंधन आवरून इंजिनाचे फेरे ताब्यात ठेवणारा भाग, हवेच्या ओढीवर चालतो. इनटेकमध्ये एक फडकी असते, तिच्याशी निर्माण होणारी व्हॅक्यूम पंपावरच्या पडद्याला खेचते, आणि ती ओढ कमी झाली की स्प्रिंग रॅकला (इंधन कमीजास्त करणाऱ्या दांडीला) पूर्ण इंधनाकडे ढकलते. अशा इनटेकमध्ये टर्बोचा दाब सोडला, तर गव्हर्नरला मिळणारा निरोपच बदलतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांवर कुणाचा ताबा उरत नाही. या इंजिनाला टर्बो हवाच असेल, तर आधी मेकॅनिकल गव्हर्नरचा पंप मिळवावा.

टर्बोच्या परतीच्या तेलाची नळी

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे. एक उत्साही तरुण पाच वर्षे उभी असलेली गाडी घेऊन माझ्या शेडमध्ये आला होता. टर्बो त्याने स्वतः, आणि वेल्डिंग पाहता बऱ्यापैकी नीट, बसवला होता. मात्र जागा कमी पडली म्हणून तो खूप खाली गेला होता. तेल परत नेणारी नळी बोटाएवढी बारीक, मध्येच झोळ पडलेली, आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठणाऱ्या पेटीत, तेलाच्या पातळीच्या खाली जोडलेली होती. आयडलवर निळसर धूर येत होता, तो रिंगांचा असावा असे त्याचे मत. मी नळीकडे बोट दाखवत असतानाच त्याने "ऐका तर कसा आवाज येतो" म्हणून ॲक्सिलरेटर दाबला.

पाय उचलल्यावर फेरे उतरले नाहीत. त्याने चावी बंद केली, मी पंपावरचा बंद करायचा लिव्हर ओढला, तरी इंजिन चढतच गेले, कारण आता ते डिझेलवर चालतच नव्हते. इनटेकच्या पाइपात साठलेले स्वतःचे तेल जाळत होते. शेड पांढऱ्या धुराने भरली. एअर फिल्टर आधीच काढलेला होता, म्हणून मी टर्बोच्या तोंडावर प्लायवुडचा तुकडा दाबून धरला आणि काही सेकंदांनी इंजिन धापा टाकत थांबले. तिथे हाताचा तळवा कधीही लावू नये. कॉम्प्रेसरची, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या चाकाची, पाती बोटे ठेवत नाहीत. पाइप उलटे केले तर निम्म्या लिटरपेक्षा जास्त तेल निघाले, आणि पुढे इंजिन उघडल्यावर एक कनेक्टिंग रॉड वाकलेला सापडला. दुर्मीळ गाडीचा तो रॉड मिळवायला त्याला आठ महिने लागले.

टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसते. तिथे पिस्टनच्या रिंगेसारख्या बारीक रिंगा असतात, आणि तेल आत साचले तर त्या ते अडवू शकत नाहीत. तेल आत दाबाने जाते, पण बाहेर येते ते फेसाळून, केवळ स्वतःच्या वजनाने. म्हणून परतीची नळी आतून किमान वीस मिलिमीटरची, शक्य तितकी उभी, कुठेही झोळ नसलेली असावी, आणि ती चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडावी. रिंगा झिजून चेंबरमध्ये गॅसचा दाब साठत असेल, तर चांगली नळीही तुंबते. कम्प्रेशन आधी मोजा असे मी म्हणतो, त्याचे हेही एक कारण आहे. भोक पाडण्यासाठी चेंबर खाली उतरवावे. गाडीवरच ड्रिल मारणाऱ्यांचा बारीक चुरा शेवटी बेअरिंगमध्ये पोहोचतो. जोडणी झाली की मी टर्बोकडच्या टोकाला फनेल लावून लिटरभर तेल एका दमात ओततो. फनेलमध्ये तेल थांबले तर नळी पुन्हा करतो. पहिल्या वेळी इंधन बंद ठेवून तेलाचा दाब दिसेपर्यंत सेल्फ फिरवतो, कारण मिनिटाला लाखभर फेरे घेणारा शाफ्ट कोरडा फिरवण्यात शहाणपण नाही. आणि तो प्लायवुडचा तुकडा आता कायम खिळ्याला टांगलेला असतो.

बाकीच्या, थोडक्यात

तेलाच्या फ्लँजवर सिलिकॉन लावू नका. त्याचा सुटलेला गोळा टर्बोच्या तेलवाटेत जाऊन बसतो. इंजेक्टरखालचे वॉशर पुन्हा वापरू नका. नोझलचा फवारा तपासताना हात समोर आणू नका, तो कातडीतून आत शिरतो आणि ती जखम दिसते त्यापेक्षा कितीतरी वाईट असते. इंजेक्शन पंप स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडू नका. त्याच्या आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजतात. गाडी एअर घेत असेल, म्हणजे इंधनात हवा शिरत असेल, तर पंप बदलण्याआधी इंधनाच्या वाटेत पारदर्शक नळीचा तुकडा लावून बुडबुडे पाहा. दोष बहुधा तडकलेल्या रबरी पाइपात असतो. हेडला फेसिंग करण्याआधी (घासून सपाट करण्याआधी) पुस्तिका वाचा, काही डिझेल हेडांना ते चालतच नाही. गॅस्केटची जाडीही पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून निवडायची असते, दुकानात जी मिळेल ती लावायची नसते.

ब्रेक टर्बोच्या आधी नीट करा. ब्रेकच्या बूस्टरला लागणारी व्हॅक्यूम यातल्या बहुतेक गाड्यांत वेगळ्या पंपातून येते आणि तो पंपही इंजिनाइतकाच म्हातारा असतो. काढलेला एकही भाग, तुटलेला असला तरी, फेकू नका. नवा करून घेताना नमुना म्हणून तोच लागतो. त्या तरुणाचा वाकलेला रॉड अजून माझ्या फळीवर चिठ्ठी लावून ठेवलेला आहे.