सीसीटीव्हीचं फुटेज एडिटिंगला घेताय? या चुका टाळा

डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या रेकॉर्डरमधून, पेन ड्राइव्हवर काढलेली फाइल प्रीमियर प्रो किंवा डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ओढली की बहुधा तीनपैकी एक अडचण येते. फाइल आत येतच नाही, चित्र येतं पण आवाज गायब असतो, किंवा सगळं व्यवस्थित येतं आणि माणसं जरा जास्तच भरभर चालताना दिसतात. पहिल्या दोन अडचणी लगेच लक्षात येतात. तिसरी मात्र कित्येकदा काम हातावेगळं झाल्यावर कळते, आणि ती सगळ्यात महाग पडते. सीसीटीव्हीच्या फुटेजचं मोल त्याच्या देखणेपणात नसतं. कोण, कुठे आणि किती वाजता, हे त्यातून बरोबर कळायला हवं. म्हणून फाइल चालली एवढ्यावर समाधान मानू नका, वेळ आणि आकार शाबूत राहिला का तेही पाहा.

एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवणं

हिकव्हिजनच्या अनेक रेकॉर्डरमधून निघणाऱ्या फाइलच्या नावापुढे एमपी4 असतं, पण आतली रचना बऱ्याचदा एमपेग-पीएस या जुन्या प्रकारची असते. व्हीएलसी ती बिनतक्रार चालवतो, कारण तो नाव न बघता आतला मजकूर तपासतो. एडिटर नाव बघून एमपी4 ची रचना शोधतो आणि ती न सापडल्याने फाइल नाकारतो. दाहुआ आणि सीपी प्लसच्या रेकॉर्डरमधून डीएव्ही फाइल येते. तिच्या आतही बहुतेक वेळा एच.264 किंवा एच.265 या नेहमीच्या पद्धतीने दाबलेलं साधं चित्रच असतं, फक्त त्याभोवती कंपनीची स्वतःची बांधणी असते. डब्यावरचं झाकण बदललं म्हणून आतली भाजी बदलत नाही. त्यामुळे डीएव्हीचं नाव बदलून एमपी4 करण्याचा काही उपयोग नाही.

कोणतीही फाइल हातात आली की आधी मीडियाइन्फोमध्ये उघडा. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. कंटेनर (फाइलची बाहेरची बांधणी), व्हिडिओ कोडेक (चित्र दाबायची पद्धत), रुंदी-उंची, फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम्स) स्थिर की बदलता, आणि ऑडिओ कोडेक, या पाच गोष्टी कागदावर टिपून घ्या. डीएव्हीसारख्या फाइलची पुरती माहिती मीडियाइन्फो देत नसेल, तर एफएफप्रोब हे साधन वापरून बघा.

आल्या आल्या कन्व्हर्टरमध्ये घालणं

सर्वाधिक नुकसान इथेच होतं. 1080पी कॅमेऱ्याचं फुटेज बहुधा 2 ते 4 मेगाबिट प्रतिसेकंद एवढ्या कमी बिटरेटवर (सेकंदाला साठवलेल्या माहितीच्या प्रमाणावर) साठवलेलं असतं. ते पुन्हा एन्कोड केलं, म्हणजे नव्याने दाबलं, की आधीच कमी असलेला तपशील आणखी झिजतो, आणि तो सगळ्यात आधी चेहरा, नंबर प्लेट, कपड्यावरची नक्षी अशा नेमक्या हव्या त्या ठिकाणी जातो. ऑनलाइन कन्व्हर्टर तर पूर्ण टाळा. सोसायटीच्या गेटचं किंवा दुकानाच्या गल्ल्याचं चित्रीकरण अनोळखी सर्व्हरवर चढवायचं काहीच कारण नाही.

पहिली पायरी रीरॅपची ठेवा. चित्र जसंच्या तसं उचलून फक्त कंटेनर बदलायचा. शटर एन्कोडर या सॉफ्टवेअरमध्ये 'रीरॅप' हे काम निवडा, किंवा एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या साधनात व्हिडिओ कोडेकच्या जागी 'कॉपी' द्या. नव्याने एन्कोड करायचं नसल्यामुळे मोठी फाइलही चटकन होते आणि गुणवत्तेत काडीचा फरक पडत नाही. एफएफएमपेगच्या अलीकडच्या आवृत्त्या दाहुआची बांधणी थेट वाचतात. तरीही फाइल उघडली नाही, तर कंपनीचाच प्लेअर घ्या. दाहुआ, सीपी प्लससाठी स्मार्ट प्लेअर आणि हिकव्हिजनसाठी व्हीएसप्लेअर.

रीरॅप अडला तर बहुधा आवाजामुळे अडतो. सीसीटीव्हीचा ऑडिओ सहसा जी.711 असतो, म्हणजे 8 किलोहर्ट्झ, मोनो, टेलिफोनच्या दर्जाचा. एमपी4 कंटेनरमध्ये तो बसत नाही आणि एफएफएमपेग चूक झाल्याचा संदेश देऊन थांबतो. अनेक जण इथे वैतागून सगळंच पुन्हा एन्कोड करतात. तशी गरज नसते. चित्र कॉपीच राहू द्या आणि ऑडिओ तेवढा 48 किलोहर्ट्झच्या एएसी या ऑडिओ कोडेकमध्ये बदला. कंटेनर एमओव्ही ठेवणार असाल तर पीसीएम (न दाबलेला आवाज) घ्या.

फुटेज मोबाइल ॲपमधून घेणं

ॲपवर दिसणारं चित्र बहुधा सब स्ट्रीमचं, म्हणजे कमी दर्जाच्या हलक्या आवृत्तीचं असतं, 704×576 किंवा त्याहूनही लहान. पूर्ण दर्जाचा मेन स्ट्रीम रेकॉर्डरच्या हार्ड डिस्कवर असतो. ॲपचं स्क्रीन रेकॉर्डिंग त्याहून वाईट, कारण त्यात मोबाइलचा स्वतःचा फ्रेम रेट मिसळतो. टीव्हीसमोर मोबाइल धरून केलेल्या शूटिंगबद्दल तर बोलायलाच नको. रेकॉर्डरच्या बॅकअप मेनूत जाऊन मेन स्ट्रीम निवडा आणि फॉरमॅट विचारला तर मूळ फॉरमॅट घ्या. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती पुन्हा दाबली जाते.

इथे वेळ फार नसतो. 4 मेगाबिटचा एक कॅमेरा तासाला 1.8 जीबी, म्हणजे दिवसाला सुमारे 43 जीबी जागा खातो. असे 4 कॅमेरे सलग रेकॉर्डिंग करत असतील तर 1 टीबीची डिस्क सहाव्या दिवशी भरते आणि जुनं पुसलं जाऊ लागतं. घटना कळली की त्याच दिवशी बॅकअप काढा, बाकीचं नंतर.

हिकव्हिजन घराण्यातल्या कॅमेऱ्यांच्या मेमरी कार्डावर आधीच जागा राखून ठेवलेल्या एकसारख्या आकाराच्या फाइल असतात. त्यांच्या नावावरून तारीख कळत नाही. मधलीच एखादी फाइल उचलू नका, संपूर्ण कार्डाची प्रत घ्या.

माणसं बारीक आणि उंच दिसतात तरी दुर्लक्ष

आपल्याकडे बसवलेल्या अनेक स्वस्त डीव्हीआरवर '1080एन' किंवा '1080पी लाइट' लिहिलेलं असतं. हे रेकॉर्डर चित्राची रुंदी अर्धी करून 960×1080 मध्ये साठवतात आणि दाखवताना ताणून 1920×1080 करतात. कंपनीचा प्लेअर हे स्वतःच करतो, त्यामुळे तिथे काही जाणवत नाही. फाइल एडिटरमध्ये आली की माणसं काठीसारखी दिसू लागतात. 4एमपी-एन मध्ये 1280×1440 आणि 5एमपी-एन मध्ये 1280×1944 अशीच अर्धी रुंदी असते.

यासाठी पुन्हा एन्कोड करू नका. प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून मॉडिफाय, मग इंटरप्रिट फुटेज, आणि पिक्सेल अस्पेक्ट रेशो (पिक्सेलच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) 'ॲनामॉर्फिक 2:1' करा. रिझॉल्व्हमध्ये झूमची साखळी सोडवून फक्त आडवी बाजू 2 करा. चित्र बरोबर ताणलं गेलं का हे गाडीच्या चाकावरून ओळखा. कॅमेऱ्याला समोरासमोर असलेलं चाक गोल दिसायला हवं.

जुन्या ॲनालॉग डीव्हीआरमध्ये उलट प्रकार सापडतो. 704×288 च्या फाइलमध्ये उंची अर्धी असते, ती दुप्पट करावी लागते. 704×576 चं चित्र 4:3 चं आहे हेही विसरू नका. टाइमलाइन भरून टाकायला ते 16:9 ताणलं की सडपातळ माणूसही जाडजूड होतो, आणि ओळख पटवण्याच्या कामात हे चालणार नाही.

फ्रेम रेट न तपासणं

आता ती तिसरी अडचण. कच्च्या एच.264 स्ट्रीममध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ भरवशाने लिहिलेली नसते, तेव्हा अनेक सॉफ्टवेअर 25 फ्रेम्स गृहीत धरतात. कॅमेरा मात्र 15 वर लावलेला असतो. 1 मिनिटाच्या 900 फ्रेम्स 25 च्या वेगाने 36 सेकंदांत संपतात. रस्ता ओलांडणारा माणूस पळताना दिसतो, सावकाश जाणारी दुचाकी भरधाव वाटते. अपघाताच्या फुटेजमध्ये हा फरक एखाद्यावर नाहक दोष टाकू शकतो.

तपासायचा खात्रीचा मार्ग चित्रातच आहे. कोपऱ्यात उमटलेल्या घड्याळाच्या 10 मिनिटांच्या अंतरावरच्या दोन खुणा घ्या आणि टाइमलाइनवरही तेवढंच अंतर येतं का ते मोजा. 6 मिनिटं आली तर 15 चं फुटेज 25 ने चाललंय. मग इंटरप्रिट फुटेजमध्ये खरा फ्रेम रेट भरा. रिझॉल्व्हमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये जाऊन हेच करा, पण क्लिप टाइमलाइनवर टाकण्याआधी.

थोडासाच फरक येत असेल, किंवा आवाज हळूहळू चित्रापासून सरकत असेल, तर फ्रेम रेट बदलता आहे. नेटवर्क कॅमेऱ्यांत आणि एच.264+, एच.265+ सारख्या 'स्मार्ट' कोडेकमध्ये हे नेहमीचं. इथे पुन्हा एन्कोड करणं खरंच गरजेचं ठरतं. हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये फ्रेम रेट 'सेम ॲज सोर्स' वर न ठेवता खरा आकडा निवडा, त्याखाली 'कॉन्स्टंट' घ्या आणि एच.264 साठी गुणवत्ता आरएफ 16 ते 18 ठेवा. शटर एन्कोडरमध्ये करत असाल तर 'कन्फॉर्म' च्या पर्यायांत 'ड्रॉप' किंवा 'डुप्लिकेट' घ्या. 'स्लोअर', 'फास्टर' घेतलं की वेगच बदलतो. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून ऑप्टिकल फ्लो लावायचा मोह होतो. त्यातल्या मधल्या फ्रेम्स सॉफ्टवेअरने रचलेल्या असतात, कॅमेऱ्याने पाहिलेल्या नसतात. घटनेच्या फुटेजला तो कधीही लावू नये.

रेकॉर्डरचं घड्याळही एकदा पाहा. काही रेकॉर्डर चीनच्या वेळेवर, जीएमटी +8 वर, लावून येतात आणि बसवणारा ते बदलत नाही. मग चित्रातली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. बॅकअप घेतानाच रेकॉर्डरची स्क्रीन आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत टिपून ठेवा. चित्रावरची वेळ पुसून नवी लिहू नका, फरक वेगळा नोंदवा.

तुकडे जोडताना आणि कापताना

मोठा बॅकअप रेकॉर्डर तुकड्यांत देतो, पुष्कळदा सुमारे 1 जीबीच्या. ते न एन्कोड करता जोडता येतात, पण कोडेक, रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट सगळ्यांचा सारखा हवा. मोशन रेकॉर्डिंग असेल तर जोडण्याआधी दोन तुकड्यांच्या वेळा बघा. मध्ये 3 मिनिटं काहीच हललं नाही म्हणून रेकॉर्डिंग नसेल, तर जोडलेल्या फाइलमध्ये ती 3 मिनिटं नाहीशी होतात आणि दाराशी आलेला माणूस एकदम आत प्रकटतो. टाइमलाइनवर तेवढी मोकळी जागा सोडा.

लॉसलेसकटसारख्या साधनाने कापताना कट फक्त की-फ्रेमवर, म्हणजे पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवर, स्वच्छ बसतो. साध्या सेटिंगमध्ये की-फ्रेम दर 2 ते 4 सेकंदांनी येते, स्मार्ट कोडेकमध्ये हे अंतर बरंच वाढतं. मधूनच कापलं तर सुरुवातीला राखाडी ठिपके किंवा गोठलेलं चित्र दिसतं. हव्या क्षणाच्या किमान 15 सेकंद आधीपासून घ्या, नेमका कट एडिटरमध्ये द्या.

हे कापणं प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या जड कोडेकमध्ये नेण्याआधी उरका. 1080पी, 25 फ्रेम्सचं प्रोरेस 422 तासाला सुमारे 55 जीबी होतं. 8 तासांचं फुटेज सरसकट त्यात नेलं की 440 जीबी गेली, आणि मूळ 2 मेगाबिटच्या चित्रात एका पिक्सेलचीही भर पडलेली नसते. प्रोरेसचा उपयोग टाइमलाइन अडखळू नये एवढ्यापुरताच आहे. त्यासाठी प्रॉक्सी, म्हणजे कामापुरती हलकी प्रतही पुरते.

काळे भाग एकदम गडद आणि दिव्यांजवळचे भाग पांढरेफटक दिसू लागले, तर फुटेज फुल रेंजचं (काळ्या-पांढऱ्याच्या पूर्ण पल्ल्याचं) आहे आणि एडिटरने ते व्हिडिओ रेंजचं (अरुंद पल्ल्याचं) समजून घेतलंय. रिझॉल्व्हमध्ये डेटा लेव्हल्स 'फुल' केल्या की अंधारातला तपशील परत येतो.

फुटेज पोलिसांकडे किंवा कोर्टात जाणार असेल तर

जालना मतदारसंघातल्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीच्या वादात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण सीडीवर पुरावा म्हणून आलं होतं. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नंतर, हाच प्रश्न होता. त्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी स्पष्ट केलं, की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या कलम 65ब खाली होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. दोन्हीत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-संकेतांक, लिहावी लागते.

ही हॅश रेकॉर्डरमधून निघालेल्या मूळ फाइलची काढा, तीही रीरॅप करण्याआधी. रीरॅपने चित्र बदलत नाही, पण फाइल बदलते, आणि एक बाइट बदलला तरी हॅश पूर्ण वेगळी येते. हॅशसाठी एसएचए-256 ही पद्धत घ्या, विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासूनच असते. मूळ फाइल, कंपनीचा प्लेअर आणि हॅशची नोंद एका पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा. एडिटिंगचं सगळं काम दुसऱ्या प्रतीवर करा. बाण, गोल, झूम असं काही घातलेली आवृत्ती द्यायची असेल तर तिच्यासोबत न छेडलेली मूळ फाइलही द्या.