गल्लीत पूररेघ मारायची कशी

क्लायमेट चेंजवर काहीतरी करा म्हटलं की शाळेतली पोरं असोत नाहीतर मंडळाची, ताप आलेली पृथ्वी काढतात किंवा बर्फावर एकटं बसलेलं अस्वल. काढतात चांगलं, पण सांगलीच्या माणसाला अस्वल कशाला हवं, त्याच्या माळ्यापर्यंत पाणी येऊन गेलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला, म्हणजे सांगलीच्या ज्या पुलावर पुराचे फूट मोजतात तिथं, कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ आहे, आणि दोनच वर्षांत २०२१ ला परत घरं सोडायची वेळ आली. आता मात्र भिंतींना नवा रंग लागलाय, नवे भाडेकरू आलेत, पाणी कुठपर्यंत होतं ते कुणाला दिसतच नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच की पाणी जिथं होतं तिथंच रेघ मारा, माणसाला आपल्या छातीशी, डोक्याशी लावून बघता आली पाहिजे, आणि रेघ मारतानाची एक छोटी फिल्म करा.

हे जगात झालेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये ईव्ह मोशर या चित्रकर्तीनं २००७ ला मैदानावर फक्की मारायचं यंत्र घेतलं आणि समुद्रापासून १० फूट उंचीची रेघ रस्त्यारस्त्यातनं ओढत नेली, लोक थांबून विचारायचे ही कसली रेघ, आणि ते बोलणं हाच त्या कामाचा जीव होता. पुढं २०१२ ला सँडी वादळाचं पाणी तिथल्या बऱ्याच भागात शिरलं.

आधी पक्की खूण शोधायची. जिथं परत रंग लागत नाही तिथं गाळाची रेघ अजून सापडते, जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागं, जड कपाट सरकवलं की त्याच्या पाठीमागं. नुसत्या आठवणीवर जाऊ नका, प्रत्येकाचं पाणी थोडं वर चढलेलं असतं, दोन-तीन घरांच्या खुणा जुळल्या की मगच धरा.

मग गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, आतला बुडबुडा पूर्ण काढा (हे विसरलं की सगळी रेघ चुकते). एक टोक पक्क्या खुणेला लावायचं, दुसरं समोरच्या भिंतीला, दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येऊन थांबतं, तिथं पेन्सिलनं खूण. एका गल्लीपुरतं हे बरोबर येतं, लांबच्या गल्लीला तिथली वेगळी खूण घ्या कारण पुराच्या पाण्यालाही उतार असतो. आमच्याकडं दुसरं टोक समोरच्या काकूंनी धरलं होतं, पाणी हललं, वरखाली झालं आणि त्यांच्या डोक्याच्या वीतभर वर थांबलं. काकू काही बोलल्या नाहीत, नुसता हात वर करून त्या खुणेला लावला आणि तसाच ठेवला. एवढा एक शॉट मिळाला तरी फिल्म झाली असं समजा.

रंगाचं नीट ऐका, आम्ही इथंच चुकलो. लाल घेतला आणि अर्धी गल्ली भांडायला आली, कारण पाटबंधारेवाल्यांची निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा, लोकांना वाटलं आता बांधकाम परवानगी अडकणार, घराचा भाव पडणार. त्यांचं काही चुकीचं नव्हतं. तेव्हा निळा-लाल सोडून पिवळा घ्या, बाहेरच्या भिंतीचाच इमल्शन घ्या, आणि घरमालकाला विचारल्याशिवाय ब्रश लावू नका. ज्या घरातलं माणूस पुरात गेलंय त्यांनी नको म्हटलं तर ती भिंत मोकळी सोडायची, आग्रह करायचा नाही.

रेघेवर तारीख आणि आयर्विनचे फूट लिहा. आणि माझ्या मते डिझाईनचं खरं काम त्याच्या खाली आहे, उंबऱ्यापाशी एक छोटी पट्टी मारा आणि लिहा की आयर्विनला इतके फूट झाले की इथं पाणी येतं. जुन्या लोकांना हा आकडा माहीत असतो, तीन-चार जणांना विचारून पक्का करा. पावसाळ्यात सगळं गाव "किती फूट झालं?" एवढंच विचारत असतं, त्या फुटाचा आपल्या उंबऱ्याशी काय संबंध ते नव्या भाडेकरूला त्या पट्टीवरनं कळतं आणि तो वेळेत सामान हलवतो.

फिल्म मोबाईलवर करा, तीन मिनिटांच्या आत, इअरफोनचा माईक कॉलरला लावून. "तुम्हाला काय वाटलं?" असं विचारू नका, रडवायचं नाहीये कुणाला. "पहिल्यांदा काय उचललं?" हे विचारा, कुणी गॅसची टाकी सांगतं, कुणी म्हशीचं दावं सोडलं म्हणतं, कुणी पोराचं दप्तर. दुःखी म्युझिक लावू नका, खालची अक्षरं मोठी ठेवा कारण व्हॉट्सॲपवर बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात.

आणि खोटं काही लिहू नका. पुराला धरणातला विसर्ग आहे, नदीपात्रातली बांधकामं आहेत, सगळं एका क्लायमेट चेंजवर ढकललं तर लोकांचा विश्वास उडतो आणि उडायलाच हवा. पण पाऊस बदललाय हेही खरं. हवा एक अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या टीमनं २०१७ ला दाखवलं की १९५० पासून मध्य भारतात दूरवर पसरणारा अतिमुसळधार पाऊस तिपटीनं वाढलाय. हे दोन-तीन वाक्यांत फिल्मच्या शेवटी सांगा, बास.

गणपतीला देखाव्यात हेच वापरता येतं, प्लायवूडवर खऱ्या मापानं फूट आखायचे आणि २०१९ च्या उंचीला एलईडीची पट्टी, येणारा माणूस आपोआप शेजारी उभा राहून बघतो. थर्माकोलचे डोंगर नकोत.

उरलेल्या रंगाचा डबा फेकू नका, झाकणावर शेड नंबर लिहून ठेवा. दरवर्षी मृग लागायच्या आधी रेघ परत गडद करावी लागते, आणि त्या दिवशी नळी धरायला गल्लीतल्या लहान पोरांना बोलवा.