पावसाळ्यालाही पुरणारं कपाट

फोंड्याहून पणजीला रोज स्कूटरवरून जायचं, म्हणून कपडे दोनच प्रश्नांवर निवडले: घाम शोषतात का, आणि रात्रीत वाळतात का? गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. जाड जीन्स वाळणार कधी? ती तेवढे महिने बाद. त्याऐवजी पातळ कुर्ते आणि घोट्याच्या वर राहणाऱ्या गडद पँटी. पांढरं नकोच, लाल मातीचे शिंतोडे साबणाला दाद देत नाहीत. निव्वळ सुती कापड ओलं राहतं, त्यामुळे थोडं पॉलिएस्टर मिसळलेलं मला सोयीचं वाटतं (आईला अजिबात नाही). रेशमी साड्या मलमलीत गुंडाळून वरच्या फळीवर; चवथीआधी पावसानं उघडीप दिली की त्यांना वारा देते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कापड मुठीत चुरगाळून बघितल्याशिवाय घेत नाही.