टर्बो पेट्रोल गाडी आयडलला थरथरते, पिकअपला अडखळते
पार्ट बदलायची घाई नको, आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि एरर कोड वाचणारं यंत्र) लावा. गरम इंजिनवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी देतोय तो आकडा) आयडलला +१० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर इनटेक मॅनिफोल्ड किंवा पीसीव्हीच्या (क्रँककेसमधला वायू इनटेककडे नेणाऱ्या व्हॉल्व्हच्या) नळीतून जादा हवा शिरतेय. ट्रिम लोडवर वाढत गेला तर फ्युएल पंप बघा.

स्कॅनरवर कोड पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं). त्याची कॉइल (प्लगला व्होल्टेज देणारा भाग) तिसऱ्याला लावा. कोड पी०३०३ झाला की कॉइलच गेली. कोड जागचा हलला नाही तर प्लग काढा. बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबून भरतो तेव्हा) ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजून गॅप वाढलेला प्लग आयडलला निभावतो, ॲक्सिलरेटर दाबताच दगा देतो. गॅप फीलर गेजनेच (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजा, नजरेने नाही. बऱ्याच टर्बो इंजिनांत तो ०.७ मिमीच्या आसपास असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये.

इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजला क्लिपजवळ ताजं तेल दिसलं, तर बूस्टच्या हवेची गळती बहुधा तिथेच.