'द ड्रॅगन इन द सी'वरची मतं कशी वाचावीत

फ्रँक हर्बर्टची ही कादंबरी घ्यावी की नको, हे ठरवायला लोकांची मतं वाचायला बसलात तर डोकं गरगरेल. एक म्हणतो, पाणबुडीवर यापेक्षा चांगलं कोणी लिहिलंच नाही. त्याच्याच खालचा म्हणतो, पन्नास पानांत झोप लागली. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून तर पंचाईत.

माझी नोकरी तेलाच्या टँकरवर, इंजिन रूममध्ये झाली. निवृत्तीनंतर आमच्या वाचनालयाच्या वाचक गटात हे पुस्तक मीच सुचवलं. तेव्हापासून त्यावर बरंवाईट इतकं ऐकलंय आणि वाचलंय, की मत कोणाचं ऐकायचं आणि कोणाचं सोडून द्यायचं याची माझी एक रीत ठरून गेली आहे.

आधी गोष्ट थोडक्यात. काळ एकविसावं शतक. पूर्व आणि पश्चिम यांचं युद्ध वर्षानुवर्षं चाललंय, तेलाचा दुष्काळ आहे. पश्चिमेच्या छोट्या अणुपाणबुड्या शत्रूच्या समुद्रतळावरच्या विहिरींतून तेल चोरतात आणि मागे बांधलेल्या प्लास्टिकच्या लवचिक, अवाढव्य पिशवीतून ओढत घरी आणतात. आधीच्या वीस मोहिमा बुडाल्या आहेत. आता 'फेनियन रॅम' ही पाणबुडी निघते. चार माणसं: कॅप्टन स्पॅरो, बॉनेट, गार्सिया आणि जॉन रॅम्सी. रॅम्सी इलेक्ट्रॉनिक्स ऑफिसर म्हणून चढतो, पण मूळचा मानसशास्त्रज्ञ. कॅप्टनचं डोकं ठिकाणावर आहे का, हे बघायला त्याला पाठवलंय. आणि चौघांत घरभेदी कोण, हा प्रश्न आहेच.

मत वाचताना पहिल्यांदा बघा, हा माणूस पुस्तकापर्यंत आला कुठून. बहुतेक जण हर्बर्टचीच गाजलेली कादंबरी 'ड्यून' वाचून मागे येतात. 'ड्यून' 1965ची, ही 1956ची आणि हर्बर्टची पहिलीच कादंबरी. 'ड्यून'वाल्याला वाळवंट, घराणी, धर्म, राजकारण असा मोठा पसारा हवा असतो. इथे त्याला मिळते एक लोखंडी नळी आणि तिच्यात कोंडलेले चार पुरुष. तो दोन तारे देतो. त्याच्यावर रागावू नका, पण तुम्ही 'ड्यून' वाचलेलीच नसेल तर त्याचं मत तुमच्या काही कामाचं नाही. उलट जो लिहितो की 'ड्यून'मधला धर्म आणि सत्तेचा विचार इथे आधीच डोकावतो, त्याने पुस्तक नीट वाचलंय. त्याचं मत शेवटपर्यंत वाचा.

दुसरं, कुठल्या नावाने वाचलं ते बघा. हीच गोष्ट आधी 'अस्टाउंडिंग' मासिकात नोव्हेंबर 1955 ते जानेवारी 1956 अशी तीन अंकांत 'अंडर प्रेशर' नावाने आली. मग पुस्तक निघालं, आणि स्वस्त आवृत्तीवर '21स्ट सेंच्युरी सब' असंही नाव लागलं. तिन्ही नावांखाली मतं वेगवेगळी साठलेली सापडतात. एकाच नावाखालची वाचून निकाल देऊ नका. आणि हो, तीन वेगळी पुस्तकं समजून तिन्ही मागवूही नका.

आता सगळ्यात मोठी तक्रार: तांत्रिक बडबड फार. गेज, व्हॉल्व्ह, दाब, आवाज, पुन्हा गेज. इथे मी जरा थांबणार आहे, कारण ही तक्रार करणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपल्याला नक्की काय खुपलं ते सांगता येत नाही.

पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाचा दाब वाढतो. शंभर मीटरवर बाहेरून दहा वातावरणं जास्त रेटत असतात. हर्बर्टच्या पाणबुडीत नुसतं कवच जाड करून भागत नाही, आतल्या हवेचा दाबही वाढवतात. म्हणजे समुद्राचा भार माणसांच्या रक्तापर्यंत येतो. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवणारं 'व्हॅम्पायर गेज' नावाचं यंत्र आहे, आणि माणसं बोलता बोलता त्याच्याकडे बघतात. हे बघणं म्हणजेच कादंबरी आहे. टँकरच्या पंपरूममध्ये उतरताना आम्ही ऑक्सिजनचा आकडा बघायचो, वर उभ्या असलेल्या माणसाला ओरडून सांगायचो, आणि मधल्या वेळात घरच्या गप्पा मारायचो. गप्पा चालू, डोळा मीटरवर. भीती कोणी बोलून दाखवत नाही, आकडा बोलून दाखवतो. हर्बर्टला हे बरोबर कळलंय. तो बोटीवरचा माणूस वाटतो तो इथेच.

म्हणून 'तांत्रिक फार' असं मत दिसलं की एक करा: पाणबुडीत काहीतरी बिघडतं आणि ते चौघं दुरुस्ती करतात असा एखादा प्रसंग पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात शोधा आणि तीन-चार पानं वाचा. प्रत्येक शब्द कळायला हवा असा हट्ट नको. कोण शांत आहे, कोणाचा आवाज चढलाय, कोण आज्ञा व्हायच्या आधीच हलला, एवढं कळलं आणि पुढचं पान उलटावंसं वाटलं, तर पुस्तक तुमचं. नाही वाटलं तर तक्रार करणारा तुमचाच भाऊ. पैसे वाचले.

मानसशास्त्राबद्दलची तक्रार मात्र मला मान्य आहे. पाणबुडी म्हणजे गर्भाशय, वर येणं म्हणजे जन्म, असली फ्रॉइडच्या वळणाची चर्चा रॅम्सी गंभीर चेहऱ्याने करतो. पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकेत ते ताजं असेल, आज जुनाट वाटतं. आमच्या गटातल्या एका निवृत्त परिचारिकाबाईंनी तर 'हा डॉक्टर पेशंटपेक्षा आजारी आहे' म्हणून विषय संपवला. पण गंमत अशी की हर्बर्टलाही थोडंफार तेच सुचवायचंय. कॅप्टनवर लपून यंत्रं लावणारा हा तज्ज्ञ हळूहळू स्वतःच हलत जातो. ज्या मतात हे लिहिलेलं दिसेल ते जपून ठेवा. नुसतं 'सायकॉलॉजी बोअर' लिहिणाऱ्याकडे दुर्लक्ष करा.

स्पॅरो उठता बसता बायबल म्हणतो, त्यावरून वाचक सरळ दोन तट पडून भांडतात. पुस्तकाचं नावही बायबलातल्या यशयाच्या वचनावरूनच आलंय. काहींना तो वेडा वाटतो, काहींना पुस्तकातला एकमेव शहाणा. मला दुसरं पटतं, पण ते माझ्या स्वभावाचं झालं. कोकणात नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी न घालणारी माणसं बघत मी वाढलो. स्पॅरो मला परका वाटला नाही. तुम्ही मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढला असाल तर कदाचित वाटेल.

स्त्रिया जवळपास नाहीत, ही तक्रार खरीच आहे. त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

काही मतं पुस्तकाला भविष्यवेत्ता करून टाकतात. तिथे हात आखडता घ्या. तेलावरून जग भांडेल हे हर्बर्टने 1956च्या सुएझ कालव्याच्या संकटाआधी लिहिलं, हे खरं. किनारा नजरेआड होईल इतक्या लांबची पहिली तेलविहीर मेक्सिकोच्या आखातात 1947 मध्ये लागली, तीही जेमतेम सहा मीटर पाण्यात. आपल्या मुंबई हायला तेल लागलं 1974 मध्ये. तेव्हा खोल समुद्रतळावरच्या विहिरींची कल्पना त्या काळी मोठीच होती. तेल वाहून नेणारी लवचिक पिशवीही पन्नाशीच्या दशकात केंब्रिजचे विल्यम हॉथॉर्न यांनी प्रत्यक्षात आणली, 'ड्राकोन' नावाने. पण अणुपाणबुडी हर्बर्टने कल्पिलेली नाही. अमेरिकेची 'नॉटिलस' जानेवारी 1955 मध्ये अणुशक्तीवर समुद्रात गेलेली होती. जो हेही श्रेय हर्बर्टला देतो, त्याचं बाकीचंही तपासून घ्या. 'फेनियन रॅम' हे नावसुद्धा खऱ्या बोटीचं आहे. पाणबुड्या बनवणाऱ्या जॉन हॉलंडची ती पाणबुडी 1881 मध्ये पाण्यात उतरली, आणि कादंबरीतल्या बोटीच्या क्रमांकात तेच 1881 येतं. हे हेरणारा वाचक मला आवडतो.

रहस्याबद्दल सावध राहा. घरभेद्याचं नाव पहिल्याच ओळीत फोडणारे महाभाग आहेत. मतं वाचायचीच असतील तर मधल्या ताऱ्यांची, तीन तारे देणाऱ्यांची वाचा. ते सहसा मोजून मापून बोलतात, आणि 'शेवटी' हा शब्द दिसला की तिथेच थांबा.

तुम्हाला स्वतःचं मत लिहायचं असेल, तर अर्ध्यावर आल्यावर एका कागदावर संशयिताचं नाव आणि कारण लिहून ठेवा. आमच्या गटात सगळ्यांनी ते केलं, आणि चर्चा खरी रंगली ती त्या चिठ्ठ्यांवरून, कारण कोणी कोणावर संशय का घेतला यातून पुस्तक किती कसबाने बांधलंय ते दिसलं. कथासार दोन ओळींत आटपा. मग एकच प्रसंग घ्या आणि तिथे तुमचा श्वास अडकला की जांभई आली ते लिहा. चौघांपैकी कोणाबरोबर वॉच, म्हणजे बोटीवरची पाळी, करायला आवडेल तेही लिहा. मी बॉनेटबरोबर करणार नाही. किती तारे ते सगळ्यात शेवटी ठरवा.

आणि विशाखापट्टणमला जाणं झालं तर आर. के. बीचवरची 'कुरसुरा' बघून या. नौदलातून निवृत्त झालेली खरी पाणबुडी आहे, 2002 पासून संग्रहालय म्हणून उघडी. दोन बंक्समधून आडवं होऊन सरकताना माझ्याबरोबरच्या धाकट्या भाच्याने विचारलं, 'मामा, इथे भांडण झालं तर माणूस जातो कुठे?' पुस्तक त्याने वाचलेलं नव्हतं. परत आल्यावर मागून घेतलं.