घरात कोणाला जुगाराचं व्यसन लागलंय? कर्ज फेडायच्या आधी हे वाचा

नवरा असो, भाऊ असो, मुलगा असो, ऑनलाइन रमी असो की आयपीएलचा सट्टा की मटका, घरच्यांना बहुतेक वेळा कळतं ते वसुलीवाल्याचा फोन आला की. मग काय होतं तर एफडी मोडतात, सोनं गहाण पडतं, सगळं देणं एका दिवसात मिटवतात आणि त्याला देवासमोर उभं करून शपथ घ्यायला लावतात. कळकळीने सांगतो, इथे थोडं थांबा. डॉक्टर लोक जुगाराच्या व्यसनाचं निदान करायला जे 9 निकष बघतात (वर्षभरात 4 किंवा जास्त जुळले की निदान होतं) त्यातला एक निकषच असा आहे की जुगारामुळे आलेली पैशाची तंगी निभवायला माणूस दुसऱ्यांकडे हात पसरतो. म्हणजे तुम्ही मायेपोटी भरलेली रक्कम आजाराला पोसते. देणं मिटलं, वसुलीवाले गप्प झाले, की त्याला परत उधारी मिळायला लागते.

आधी खात्री करून घ्या. 1997 साली संशोधकांनी फक्त दोन प्रश्नांची एक चाचणी काढली, ती घरीही विचारता येते: जास्त जास्त पैसे लावावेसे वाटलेत का कधी? आणि किती खेळतोस हे जवळच्या माणसांपासून लपवावं लागलंय का, खोटं बोलावं लागलंय का? एकाचं जरी उत्तर हो आलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

"अक्कल नाही का तुला, हरतोयस तरी खेळतोस" हे वाक्य घराघरात ऐकू येतं पण त्याने काहीच होत नाही, आणि का होत नाही ते समजून घ्या. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की सवय सगळ्यात चिवट बनते हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. 2009 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी लोकांना स्लॉट मशीनसारखा खेळ देऊन मेंदूचे स्कॅन घेतले, तर थोडक्यात हुकलेल्या डावाला मेंदूच्या त्याच भागांनी प्रतिसाद दिला जे जिंकल्यावर जागे होतात. लोकांना हुकल्याचं वाईट वाटत होतं आणि तरी पुढे खेळायची इच्छा वाढत होती! आता मटक्याचा विचार करा, ओपन (पहिला आकडा) लागला आणि क्लोज (दुसरा) एका आकड्याने गेला, किंवा रमीत एकाच पत्त्यासाठी हात अडकला, तुम्हाला ती हार दिसते, त्याला ती "जवळपास आलंच होतं" अशी दिसते. 2013 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी जुगाराला दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्याच गटात घातलं ते उगाच नाही.

बोलायची वेळ नीट निवडा. तो हरून आलाय त्या रात्री नको, आणि मामा-काका बोलावून पंचायत भरवून तर अजिबात नको. सकाळी, दोघंच असताना, यूपीआयची हिस्टरी समोर ठेवून बोला. रात्री एक वाजता 500, दहा मिनिटांनी 1000, मग 2000, मग 5000, असं दिसलं तर तो गेलेले पैसे परत मिळवायला धावतोय, या व्यसनाची ही अगदी ठळक खूण. "असं का केलंस" विचारलं की माणूस बचाव करत बसतो, त्यापेक्षा "दादा, एवढ्या रात्री तुला काय वाटत होतं रे?" असं विचारा आणि मग गप्प राहून ऐका. सोडावंसं का वाटतं हे त्याच्या तोंडून आलं की ते जास्त टिकतं, समुपदेशनाची एक पूर्ण पद्धत यावरच उभी आहे.

"मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला तर बाकी सगळं बाजूला ठेवा. जीव द्यायचा विचार येतो का हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, एकटं सोडू नका, आणि दवाखान्यात न्या. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका खरंच मोठा असतो.

आता पैसा. त्याच्या संमतीने, चोरून नाही. पगाराचं खातं काही महिने घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसाने सांभाळायचं, बँकेच्या ॲपमधून यूपीआयची रोजची मर्यादा कमीत कमी करायची, क्रेडिट कार्ड बंद, दागिने आणि घराची कागदपत्रं लॉकरमध्ये. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे त्याच्या नावावरच्या कर्जांची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढाच, कारण त्याने सांगितलेली कर्जं आणि रिपोर्टमधली कर्जं क्वचितच जुळतात (हातउसने आणि भिशीचे पैसे तर त्यातही दिसत नाहीत, ते त्यालाच विचारून वहीत लिहा). मग बँकेशी बोलून हप्ते पाडून घ्या आणि ते त्याच्याच कमाईतून जाऊ देत. खाजगी सावकाराकडे परवाना आहे का बघा, महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने तो लागतो. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा झाला म्हणून निर्धास्त राहू नका, टेलिग्रामवरचे ग्रुप आणि परदेशी साइट्स फोनमध्ये आहेत का ते त्याच्यासोबत बसून बघा.

उपचारांत सगळ्यात जास्त आधार आहे तो सीबीटीला, म्हणजे "आता माझी बारी आहे", "पाच वेळा हरलो म्हणजे सहाव्यांदा येणारच" असे विचार पकडून तपासायला शिकवणारी थेरपी. काहींना डॉक्टर नाल्ट्रेक्सोनसारखं औषधही देतात. घरात पार्किन्सनचा पेशंट असेल आणि म्हातारपणी अचानक जुगार सुरू झाला असेल तर औषध देणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगा, त्या आजाराच्या काही औषधांचा हा दुष्परिणाम असू शकतो, पण मनाने गोळी बंद करू नका. कुठे जायचं सुचत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लावा, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि तो परत एकदा खेळेल, ही शक्यता धरूनच चाला. ॲलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की एकदा घसरल्यावर "गेलंच सगळं, आता काय उरलं" हा विचारच माणसाला पूर्ण खाली नेतो. त्यामुळे त्या दिवशी तमाशा करू नका, नवीन शपथही नको, पैसे कुठून आले, सोबत कोण होतं, त्याआधी घरात किंवा कामावर काय झालं होतं एवढंच विचारून लिहून ठेवा, जी वाट उघडी राहिली ती बंद करा आणि थेरपिस्टची पुढची तारीख अलीकडे घ्या.